वॉर्डात पाच जण एकदम हाक मारतात, आधी कुणाकडं जायचं

रात्री आठला ओव्हर घेतलं, म्हणजे आधीच्या सिस्टरकडनं वॉर्ड ताब्यात घेतला. फीमेल मेडिसिन, तीस बेड, शिवाय दोघीजणी खाली गादीवर, तुमच्यासोबत एक जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) स्टुडंट आणि एक मावशी. सव्वाआठला काय होतं बघा. बेड ४ चं सलाईन संपलंय आणि तिचा भाऊ काउंटरवर हात आपटतोय, "काय करलालाव ओ सिस्टर, कवाधरनं बोलवलालोय." बेड ९ च्या आजी, जन्म चुलीपुढं गेलाय, छाती कायमची भरलेली, त्यांचा ऑक्सिजनचा मास्क गळ्यात आलाय आणि खांदे वर-खाली होतायत. बेड १२ ची शुगरची पेशंट शांत झोपलीय, सून म्हणते आज लई दमल्यात, झोपू द्या. बेड १७ साठी ब्लड बँकेतनं पिशवी आलीय. कॅज्युअल्टीतनं नवीन पेशंट ट्रॉलीवर आलीय, मामा कागद पुढं करून सही मागतोय. आणि फोन वाजतोय.

नवीन जॉईन झालेल्या पोरी बेड ४ कडं पळतात, शंभरातल्या नव्वद तरी. मीपण पळायचे. कारण तिथला माणूस ओरडतोय आणि ओरडणारा माणूस गप्प करायचा हा घरी शिकलेला सगळ्यात जुना धडा. पण या सगळ्यांत त्या बेड ४ ला सगळ्यात कमी घाई आहे. सलाईन संपलं म्हणून कुणी मरत नाही, फार तर नळीत रक्त चढेल, सुई ब्लॉक होईल आणि परत टोचावं लागेल. त्याला जाता जाता एवढंच सांगायचं, "दादा, ते चाक खाली फिरवून बंद करा, मी दहा मिनिटांत आले." बंद करायला सांगा, चालू करायला कधीच नाही, ते का ते पुढं येईल.

मग पहिलं कोण? प्रत्येकीबद्दल मनात एकच प्रश्न विचारायचा की मी पुढची दहा मिनिटं हिच्याकडं गेले नाही तर हिचं काय होईल. बेड ९ च्या आजी दहा मिनिटांत निळ्या पडू शकतात आणि मास्क परत लावायला वीस सेकंद लागतात, म्हणजे पहिल्या त्याच. तिकडं जाताना स्टुडंटच्या हातात एचजीटीचं, म्हणजे बोटाला टोचून शुगर बघायचं मशीन द्यायचं आणि बेड १२ कडं पाठवायचं, शुगर बघ, आधी हलवून जागं कर, उठल्या नाहीत तर तिथूनच ओरड. ट्रॉलीवरच्या नवीन पेशंटला सही करायच्या आधी एकदा विचारायचं, "मावशी, काय त्रास होतोय?" पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर श्वासाचा रस्ता मोकळा आहे, डोकं ठिकाणावर आहे, ती दहा मिनिटं थांबू शकते. एकेक शब्द तोडून बोलली किंवा बोललीच नाही तर लाईनमध्ये ती वर आली. ब्लडची पिशवी बँकेतनं निघाल्याची वेळ बघायची, तिथनं अर्धा तास हातात असतो. फोन मावशी उचलतील.

बेड १२ बद्दल थोडं जास्त सांगते, कारण याच्यात मी एकदा चांगलीच पोळलेय. नोकरीचं पहिलं वर्ष, हॉस्पिटलचं नाव राहू दे. संध्याकाळी सातला इन्शुलिन दिलं गेलं होतं, जेवणाचा ट्रे आला तेव्हा बाईला मळमळत होतं म्हणून त्या जेवल्या नाहीत, घरच्यांनी ताट झाकून ठेवलं, आणि त्या "झोपल्या". मी दोनदा त्यांच्या बेडवरनं गेले, बघितलं, किती शांत पेशंट आहे म्हणून बरं वाटलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा उशी घामानं भिजलेली, शुगर ३८. वाचल्या त्या, शिरेतनं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं पाणी, गेल्यावर पाच मिनिटांत डोळे उघडून पाणी मागितलं, पण माझे हात तासभर थरथरत होते. तेव्हापासून माझं एक ठरलंय, शुगरचा पेशंट अचानक शांत झाला, चिडचिडा झाला, काहीबाही बोलायला लागला की आधी बोटाला टोचायचं मग बाकीचा विचार. ७० च्या खाली आली म्हणजे कमीच. शुद्धीत आहे, गिळता येतंय तर तीन-चार चमचे साखर पाण्यातनं किंवा ग्लुकोज पावडर, आणि पंधरा मिनिटांनी परत चेक. शुद्ध नीट नसेल तर तोंडात थेंबसुद्धा नाही, नातेवाईक साखर कोंबायला बघतात त्यांना थांबवा, ती सरळ फुफ्फुसात जाते, शिरेतनंच डेक्स्ट्रोज लागतं, डॉक्टरला बोलवा आणि २५ टक्क्याची बाटली तोवर हातात तयार ठेवा. आणि गोळ्यांमुळं शुगर उतरलेली असेल, ग्लिमेपिराईड वगैरे, त्यात किडनी जरा खराब, तर एकदा वर आलेली शुगर रात्रीत परत खाली जाते. वर आली म्हणून विसरू नका, दोनला परत बघा, चारला परत बघा.

एअरवे, ब्रीदिंग, सर्क्युलेशन हे परीक्षेत सगळ्यांना पाठ असतंय. पण पेपरातलं एबीसी आणि वॉर्डातलं एबीसी यात फरक असा की वॉर्डात ते लांबूनच करायचं असतं, चालता चालता. बोलतेय का. श्वास घेताना गळ्याचे स्नायू ओढले जातायत का. रंग कसा, ओठ कसे. कपाळावर घाम आहे का. हात लावला तर गार आणि ओलसर का गरम. माझ्याकडं बघतेय का नुसती छताकडं. एका बेडला पाच-सात सेकंद. ओव्हर झाल्या झाल्या काउंटरवर बसून रजिस्टर उघडायच्या आधी असा एक फेरा पूर्ण वॉर्डाचा मारायचा, दहा-बारा मिनिटं जातात, जाऊ द्या. याच फेऱ्यात ऑक्सिजन खरंच चालू आहे का हे फ्लोमीटरकडं बघून ठरवायचं (नळी लावलेली आणि फ्लो शून्य हे मी किती वेळा बघितलंय मोजलं नाही), युरीन बॅगमध्ये किती आहे, सुईच्या जागी सूज आहे का, म्हाताऱ्यांच्या बेडचा कठडा वर आहे का. इमर्जन्सी ट्रॉलीही याच वेळी उघडून बघायची, अम्बू बॅग (हातानं दाबून श्वास देतात ती) आहे का, मास्क बसतो का, सक्शन ओढतंय का, घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा लाईट लागतो का. रात्री तीनला सेल संपलेले कळण्यात काही अर्थ नाही.

ओव्हर घेताना समोरची सिस्टर दमलेली असते, तिला बस पकडायची असते, ती बेड १ पासून सुरू करते आणि सगळ्यांचं एका सुरात सांगते. तिला तीन गोष्टी वेगळ्या विचारा. आज सगळ्यात वाईट कोण? सकाळपासून कुणात फरक पडलाय? काय राहिलंय, कुठला रिपोर्ट यायचाय, कुठला डोस द्यायचा राहिला? या तीन उत्तरांत तुमची अर्धी रात्र ठरते.

आता श्वास मोजण्याबद्दल, जे कुणालाच आवडत नाही. कुठल्याही वॉर्डातला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास) उघडा, तीसच्या तीस पेशंटचा श्वास २०. कुणाचा २२ असेल तर त्या सिस्टरनं खरंच मोजलाय असं समजा. मीपण वीस लिहिलेत, खोटं कशाला बोलू. पण पेशंट बिघडायला लागतो तेव्हा बीपी बरेचदा शेवटी पडतं, त्याच्या आधी काही तास श्वास वाढलेला असतो, शरीर भरून काढायचा प्रयत्न करत असतं. इन्फेक्शन रक्तात गेलेलं (सेप्सिस) असो, फुफ्फुसात पाणी असो, शुगर वाढून ॲसिड तयार झालेलं असो, पहिली खबर श्वासात मिळते. मोठ्या माणसाचा १२ ते २० नॉर्मल. पूर्ण एक मिनिट मोजायचा, आणि मोजतेय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, कळलं की ती वेगळा श्वास घ्यायला लागते, मनगट धरून नाडी बघितल्यासारखं करायचं आणि नजर छातीवर.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सनी २०१२ ला पेशंट बिघडतोय का ते ओळखायचा न्यूज नावाचा स्कोर काढला, २०१७ ला त्यात सुधारणा केली, आपल्याकडंही काही हॉस्पिटलं तो किंवा त्याच्यासारखा चार्ट वापरतात. श्वास, ऑक्सिजनचं प्रमाण, ऑक्सिजन लावलाय का, वरचं बीपी, नाडी, शुद्ध आणि ताप, या प्रत्येकाला मार्क द्यायचे. श्वास २५ किंवा वर गेला तर एकट्या श्वासाचे ३ मार्क. कुठल्याही एका गोष्टीला ३ मिळाले तरी डॉक्टरला कळवायचं, बेरीज ५ झाली तर तातडीनं, ७ किंवा त्याच्या वर गेली तर इमर्जन्सी. तुमच्याकडं हा चार्ट नसला तरी मनातल्या मनात करून बघा, फायदा असा की "मला काहीतरी बरोबर वाटत नाय" हे तुमचं वाटणं आकड्यात येतं आणि आकडा फोनवर सांगता येतो.

एक सांगायचं राहिलं, बेड ९ च्या आजींसारख्या जुन्या सीओपीडीच्या (फुफ्फुसाच्या कायमच्या आजाराच्या) पेशंटला पल्स ऑक्सवर, म्हणजे बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या मशीनवर, ९० दिसलं म्हणून घाबरून ऑक्सिजन फुल करायचा नाही. त्यांचं टार्गेट बहुतेक वेळा ८८ ते ९२ असतं. जास्त दिला तर कार्बन डायऑक्साईड साठतो आणि त्या गुंगीत जातात, आणि मग आपण म्हणतो किती शांत झोपल्यात. फाईलवर टार्गेट लिहिलेलं नसेल तर डॉक्टरकडनं लिहून घ्या.

आकडा एकटा बघायचा नाही, कालच्या शेजारी ठेवून बघायचा. बीपी ११०/७० दिसायला छान आहे, पण बाईचं रोजचं १६०/१०० असेल तर हे छान नाही, कुठंतरी रक्त जातंय किंवा शॉककडं चाललीय. लघवीचं तेच. साधा हिशोब, वजनाच्या अर्ध्या एवढी मिली दर तासाला, म्हणजे साठ किलोची बाई असेल तर तासाला ३० मिली. सहा तासांत बॅगेत ७० मिली असेल तर आधी नळी कुठं दबलीय का, वाकलीय का बघा, नसेल तर फोन करा. सकाळी राउंडला सर विचारतील तेव्हा सांगू म्हणून ठेवू नका.

आता फोनचं. रात्री पावणेतीनला आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, उठवायचंय, तोही छत्तीस तास उभा आहे, चिडणार. तुम्ही म्हणालात "सर, बेड २१ चा पेशंट बरा नाय, बघायला या ना", तर तो म्हणणार बघतो, आणि झोपणार. त्याला दोष मी अर्धाच देते. असं बोलायचं: "सर, फीमेल मेडिसिनमधनं सिस्टर बोलतेय. बेड २१, आज आठला ॲडमिट, न्युमोनिया, वय पंचावन्न. दहाला श्वास २२ होता आता ३२ आहे, ऑक्सिजन पाच लिटरवर ८९, बीपी ९० वर ५०, नाडी १२४, आणि आता नाव विचारलं तर नीट सांगत नाही. मला वाटतंय सेप्सिसमध्ये चाललीय. तुम्ही आत्ता यायला पाहिजे, तोवर मी काय सुरू करू?" याला एसबीएआर म्हणतात, परिस्थिती, मागचं, आत्ता काय दिसतंय, काय पाहिजे. मुळात अमेरिकन नेव्हीच्या पाणबुड्यांतली बोलायची पद्धत, तिथनं हॉस्पिटलात आली. फोन करायच्या आधी फाईल हातात, आकडे डोळ्यापुढं, ॲलर्जी माहीत. आणि शेवटी "तुम्ही यायला पाहिजे" हे तोंडानं म्हणायचं, त्यांनी समजून घ्यावं अशी अपेक्षा धरू नका. पंधरा मिनिटांत कुणी आलं नाही तर परत फोन, मग त्याच्या सीनियरला, मग नाईट सुपरवायझरला. भांडायचं नाही, फक्त प्रत्येक फोनची वेळ नोट्समध्ये टाकायची, "२.४५ ला कळवलं, ३.०० ला परत कळवलं".

फोनवर ऑर्डर मिळाली तर ती उलट वाचून दाखवायची. फिफ्टीन आणि फिफ्टी फोनवर सारखंच ऐकू येतं, मराठीतही एकोणतीस एकोणचाळीसचा गोंधळ होतोच, म्हणून आकडे तोडून, "एक पाच, पंधरा, बरोबर ना सर?" डोस विचित्र वाटला तर इंजेक्शन हातात धरून थांबा. "सर, एकदा कन्फर्म करायचंय" यात कुणाचा अपमान होत नाही, झालाच तर होऊ दे.

इथपर्यंत झालं कुणाकडं आधी जायचं त्याचं. आता काही गोष्टी अशा की कितीही घाई असली तरी त्यात वेळ वाचवायचाच नाही. ओरडणाऱ्याला दहा मिनिटं थांबवता येतं, पण ही दहा सेकंदं नाही वाचवायची.

पहिली म्हणजे पेशंट तोच आहे का. सोलापुरात मेल वॉर्डात एका वेळी दोन-तीन सिद्धाराम असणं काही नवीन नाही, मल्लिकार्जुन असतात, फीमेलला महादेवी असतात, आडनावंही सारखी. त्यात पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या आजी, अक्कलकोट साईडच्या कन्नड बोलणाऱ्या मावशी. तुम्ही विचारलं "तुम्ही महादेवीच ना?" तर त्या मान हलवणार, ऐकू आलं नसलं तरी हलवणार, सिस्टर काहीतरी विचारतेय म्हणजे हो म्हणायचं. म्हणून नाव आपण सांगायचंच नाही, त्यांना सांगायला लावायचं, "तुमचं पूर्ण नाव काय?", आणि हातातल्या पट्टीवरचा आयपीडी (ॲडमिशनचा) नंबर कागदाशी लावून बघायचा. बेड नंबर ही ओळख नव्हे, पंख्याखाली बेड पाहिजे म्हणून दुपारी दोघी आपापसात बेड बदलतात आणि तुम्हाला कुणी सांगत नाही. भाषेचं म्हणाल तर थोडे शब्द शिकून घ्या, तेलुगूत दुखणं म्हणजे नोप्पी, आपल्या बाजूच्या कन्नडमध्ये ब्यानी, कुठं दुखतंय एवढं जरी कळलं तरी पेशंटचा चेहरा बदलतो. पण सही घ्यायची असेल, ॲलर्जी विचारायची असेल तर घरचं दोन्ही भाषा येणारं माणूस बोलवाच, अंदाजपंचे नको.

दुसरी इन्शुलिन. आपल्याकडं एका मिलीत ४० युनिटची व्हायल (बाटली) पण येते आणि १०० ची पण. ४० वाल्या सिरिंजचं टोपण लाल, १०० वाल्याचं केशरी. शंभरची व्हायल घेऊन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला २५ युनिट गेले, अडीच पट. व्हायलवरचा आकडा आणि टोपणाचा रंग, दोन्ही बघितल्याशिवाय भरायचंच नाही. आणि ट्रे समोर आल्यावर द्या, ट्रे येणार आहे म्हणून देऊ नका, बेड १२ ची गोष्ट वर सांगितलीच.

तिसरी केसीएल. पोटॅशियमची ॲम्प्युल दिसायला साध्या डिस्टिल्ड वॉटरच्या ॲम्प्युलसारखी, आणि सरळ शिरेत पुश केली तर हृदय तिथंच थांबतं, नंतर कितीही पळापळ करा. कधीच पुश नाही, कायम सलाईनमध्ये मिसळून, बाटली नीट उलटीपालटी करून, हळू, बाटलीवर लेबल लावून. वॉर्डात ठेवायचीच वेळ आली तर वेगळ्या डब्यात, लाल अक्षरात नाव टाकून, बाकीच्या ॲम्प्युलच्या ट्रेमध्ये नाही. माझ्या हाताखालच्या पोरींना मी ही एकच गोष्ट आवाज चढवून सांगते.

औषध भरताना कुणी हाक मारली तर उत्तर देऊ नका. उद्धट वाटलं तरी चालेल. मध्येच थांबून परत आलात तर हातातल्या सिरिंजमध्ये काय होतं हे तुम्हाला शपथेवर सांगता येणार नाही, मग ती फेकायची आणि नवीन भरायची. लेबल नसलेली भरलेली सिरिंज कुणाचीच नसते.

ब्लड. बेड १७ ची पिशवी. बँकेतनं निघाल्यापासून अर्ध्या तासात चालू करायचं, चालू केल्यावर चार तासांच्या आत संपवायचं. वॉर्डच्या फ्रीजमध्ये, जिथं इन्शुलिन आणि कुणाचातरी डबा असतो, तिथं ठेवायचं नाही, जमत नसेल तर लगेच बँकेला परत. दोघींनी मिळून बेडपाशी उभं राहून चेक करायचं, नाव, आयपीडी, गट, पिशवीचा नंबर, तारीख, एकीनं वाचायचं दुसरीनं बघायचं. काउंटरवर चेक करून "झालं" म्हणायचं नाही, कारण चुका बेडपाशी होतात. पहिली पंधरा मिनिटं तिथंच थांबा, म्हणूनच बेड ९, १२ आणि ट्रॉली आधी उरकायची, या पंधरा मिनिटांत तुम्हाला कुणी उचललं नाही पाहिजे. थंडी वाजली, कंबर दुखायला लागली, धाप लागली, अंगावर गांधी आल्या तर पहिलं काम पिशवी बंद, मग नवीन सेटनं नॉर्मल सलाईन, मग फोन. पिशवी फेकू नका, ती सेटसकट बँकेला परत जाते.

कॅज्युअल्टीत ड्युटी लागली तर हिशोब तोच पण सोलापूरचे पेशंट वेगळे. पावसाळ्यात शेतात राहणारा माणूस पहाटे येतो, रात्री जमिनीवर झोपला होता, पोटात दुखतंय, डोळ्यांवर झापड येतेय म्हणतो. अंगावर कुठं खूण नाही. नवीन माणूस गॅसचं इंजेक्शन देऊन बसवून ठेवेल. हा मण्यार साप असू शकतो, चावलेलं कळतही नाही आणि काही तासांत श्वासाचे स्नायू बंद पडतात. पापण्या खाली आल्यात का बघा, एका श्वासात आकडे मोजायला लावा, मघाशी वीसपर्यंत म्हटलं आता बारावर थांबला तर बेड ऑक्सिजन आणि अम्बूच्या शेजारी घ्या आणि डॉक्टरला तिथंच उभं करा. घोणस आणि फुरशाचं विष रक्तावर जातं, त्याला वीस मिनिटांची टेस्ट, २ मिली ताजं रक्त, नवीन कोरडी काचेची ट्यूब, वीस मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच वाकडी करून बघायची, गोठलं नाही तर सांगायचं. प्लास्टिकची चालत नाही, साबणानं धुतलेली चालत नाही. गावाकडनं करकचून दोरी बांधून आणलेली असते ती तुम्ही एकट्यानं झटकन सोडू नका, डॉक्टर आणि तयारी जवळ असू दे. आणि सापाचं औषध चालू करायच्या आधी ॲड्रिनलिन भरून, लेबल लावून बाजूला, कारण रिॲक्शन आली तर फोडत बसायला वेळ नसतो.

फवारणीचं औषध प्यालेला आला तर आधी स्वतः ग्लोव्ह्ज आणि ॲप्रन. कपड्याला लागलेलं तुमच्या हातातनंही जातं. डाव्या कुशीवर, सक्शन, ऑक्सिजन, कपडे काढून पिशवीत, अंग साबणपाण्यानं, ॲट्रोपिनचा (या विषावरच्या इंजेक्शनचा) स्टॉक मोजून ठेवा, भरपूर लागतं. नातेवाईकांनी मिठाचं पाणी पाजून उलट्या काढल्या असतील तर तेही विचारून लिहा.

आणि एप्रिल-मे. इथं पारा ४२-४३ ला गेला की दुपारी रस्त्यावरनं, बांधकामावरनं, पत्र्याखालच्या मागावरनं माणसं आणतात. अंग तापलंय ४० च्या वर आणि बडबडतोय किंवा शुद्ध नाही, तर हा उष्माघात, ताप नव्हे, पॅरासिटामॉलनं उतरत नाही. कागद नंतर. कपडे काढा, अंगावर पाणी आणि जोरात पंखा, मानेला, काखेत, जांघेत बर्फ. याच्यासोबत चार जण रांगेत उभे असतील, पाय मुरगळलेला, टाके घालायचा, दातदुखीवाला, नगरसेवकाची ओळख सांगणारा. जो चालत आला आणि ओळख सांगू शकतोय तो थांबू शकतो.

सगळं तुम्ही एकटीनं करायचं नाही, पण सगळं वाटूनही द्यायचं नाही. मावशी बेडपॅन देतील, सँपल लॅबला नेतील, दर दोन तासांनी कूस बदलायला हात लावतील. स्टुडंट व्हायटल्स घेईल, तुम्ही त्यातले एक-दोन परत घेऊन बघा. पण पेशंट कसा आहे हे ठरवणं, हाय रिस्क औषध, ब्लड, ओव्हर, हे दुसऱ्याच्या हातात नाही.

नातेवाईक. रात्रभर तेच पेशंटजवळ असतात, "आज आई वेगळं बोलतेय" हे त्यांना आधी कळतं, ते ऐका, उठून बघून या. पण तेच नातेवाईक सलाईन लवकर संपावं म्हणून चाक फिरवतात, हार्टच्या पेशंटला तासाभरात अख्खी बाटली गेलेली मी बघितलीय, धाप लागून बसली होती. म्हणून म्हटलं, बंद करायला सांगा, चालू करायला नाही. तेच ऑपरेशनच्या सकाळी "नुसता चहाच दिलाय ओ, बिस्कीट नाय दिलं" म्हणतात, तेच गुंगीतल्या बाबांना कडक भाकरी दुधात कुस्करून भरवायला बसतात, शेंगाचटणी बोटानं चाटवतात. ओरडू नका, कारण सांगा, नळी फुफ्फुसाची आणि अन्नाची शेजारी-शेजारी आहे, गुंगीत झाकण लागत नाही. कारण कळलं की तेच दुसऱ्याला अडवतात.

आणि बेड ४ चा भाऊ. त्याच्याकडं दहा मिनिटांत येते म्हणालात तर खरंच जा, जमत नसेल तर लांबून हात दाखवून "अजून पाच मिनिटं" म्हणा. माणूस थांबायला तयार असतो, विसरलं जायला नसतो.

सकाळी ओव्हर देताना काउंटरवर बसून रजिस्टर वाचू नका, नवीन सिस्टरला घेऊन बेडपाशी जा, पेशंटसमोर. बेड १ पासून सुरू करायचं नाही, २१ पासून करायचं, रात्री काय झालं, किती वाजता कळवलं, कल्चर पाठवलंय, रिपोर्ट यायचाय. मग १२, शेवटची शुगर किती, पुढची कधी. मग ९, ऑक्सिजन किती लिटरवर आणि टार्गेट किती. मग १७, पिशवी कधी संपली. मग बाकीच्या. आणि हो, बेड ४ चं सलाईन परत संपत आलंय, तेही सांगा.